धीर कुणी धरायचा

प्रिय मामा,

तू जाता जाता काय केलंस आणि बुकाला सुखरूप पोचलास, दोन्ही कळलं. कसं कळलं तेही सांगते. बाजारात मासळी विकणाऱ्या अगाथामावशीनं सगळ्यांसमोर हाक मारली, "अगं थिओनिला, तुझ्या मामानं नदीकाठची जमीन सोनेवाल्यांना दिली म्हणे! बरं झालं बाई, आता रताळीसुद्धा सोन्याची उगवतील." बायका हसल्या. मीही हसले, पण मासळी न घेताच घरी आले. मग तुझ्या ड्रायव्हरच्या घरी जाऊन खात्री करून घेतली, कारण ऐकीव गोष्टीवर मी तुला एक अक्षर लिहिलं नसतं. कंपनीच्या माणसानं पुढे केलेली सुपारी तू म्हाताऱ्यांदेखत चघळलीस. म्हणजे होकार दिलास.

इकडची हालहवाल विचारशील, म्हणून लिहिते. आईच्या पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढली आहे. दवाखान्यात नर्स आहे, औषध नाही. ती बिचारी प्रत्येकाला गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगते, मग दुखणं पायाचं असो की छातीचं. कोकोच्या शेंगांना अळी लागली आणि अर्धी बाग काळी पडली. बाजारातून मीठ आणायचं की साबण, हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि बहुतेक मीठ जिंकतं. शाळेचे गुरुजी पगाराची वाट बघून बघून आपल्या बागेत खपायला गेले, त्यांना तरी काय दोष देणार? हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. तू थांबा म्हणालास आणि आम्ही थांबलो, एवढंच तुला दिसावं म्हणून लिहिते.

कारण थांबणं मी तुझ्याकडूनच शिकले. गावात शाळा नव्हती तेव्हा खोबरं वाळवायच्या मचाणाखाली बसवून तू मला कोळशानं अक्षरं गिरवायला लावायचास. एक अक्षर वाकडं गेलं की सगळी ओळ पुसायचास. मी चिडून पाय आपटायचे आणि तू म्हणायचास, "घाईनं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही, पोरी." वेगळा देश हवा म्हणून बुगनविलच्या सगळ्या बेटांनी मत दिलं, त्या दिवशी तू आईला पाठीवर घेऊन नदी ओलांडलीस. मी मागून तिची चप्पल हातात धरून येत होते. तुझ्याइतका अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता.

मग तू बुकाला, आपल्या बेटांच्या सरकारात, निवडून गेलास. ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं त्या मोर्सबीच्या संसदेनं अजून हो म्हटलेलं नाही, आणि दर वर्षी तू चर्चसमोरच्या आंब्याखाली उभा राहून तेच सांगतोस, बंदुकीनं मिळालं नाही ते बोलण्यानं मिळेल, धीर धरा. मागच्या खेपेला म्हातारा सिप्रियन म्हणाला, "धरतो की बाबा! पण ओंडका दोघांनी उचलायचा तर तुझं टोक गाडीत आणि माझं खांद्यावर, असं कसं?" सगळे खो खो हसले. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, आजोबा, माझा मामा तुमच्यासाठीच त्या बैठकांमध्ये म्हातारा होतोय. तो म्हणाला, "होऊ दे की पोरी, आम्हीही इथे काही तरुण होत नाही आहोत." मी तरी ऐकलं नाही. तुझ्या बाजूनं बोलून बोलून मी गावात वाईट झाले, मामा.

आणि आता तू म्हणतोस, स्वतःचा पैसा नसलेल्या देशाला जगात कुणी देश म्हणत नाही. सोनं दिसलं की मोर्सबीच्या सह्या भराभर होतील. असेलही. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तू पैसे खाल्लेस असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. पण जुन्या खाणीनं नदी मारली म्हणून तुम्ही बंदुका घेऊन जंगलात गेलात ना? तिथेच तुझे दोन भाऊ कायमचे राहिले ना? मिठासाबणाची ओढाताण सोसून आम्ही थांबलो, आणि धीर सुटला तो तुझा. सुटला तर सुटला, माणूस आहेस. पण तो सुटला आईच्या जमिनीवर. जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि मामा तिचं तोंड असतो, पण त्या तोंडात शब्द बायकांनी घालायचा असतो, हे तूच मला शिकवलंस. तू होकार द्यायला निघालास तेव्हा आई ओसरीवरच होती. तू गाडीतून हात हलवून पुढे गेलास. ती म्हणाली, "असेल त्याला घाई." तिला तुझी बाजू सावरावी लागली, हे मी तुला माफ करणार नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारी प्रार्थनेनंतर आईनं मावश्यांच्या साक्षीनं नदीकाठच्या जमिनीचा शब्द माझ्या स्वाधीन केला. आज सकाळी मी तिकडे जाणारी वाट रानआल्याची पानं आडवी बांधून बंद केली. इतकी घाबरले होते की गाठ बसेना, पण शेवटी बसली. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, हे तुला सांगायला नको. कंपनीच्या माणसांना मात्र तू सांग, त्यांना कळणार नाही. गुरुवारी त्यांना घेऊन येणार आहेस म्हणे. ती पानं ओलांडलीस तर तुला कुणी हात लावणार नाही, कुणी ओरडणारही नाही. पण त्यानंतर आमच्या कुळाचं नाव घेऊन तू कुठेही बोलायचं नाहीस. ते काम माझा मावसभाऊ फेलिक्स करील, त्याला आम्ही विचारलं आहे. तू एकटा आलास तर सरळ घरी ये. आधी जेवायला वाढीन. मग जमिनीचं बोलू, आणि त्यात पहिला शब्द माझा असेल. तो 'नाही' आहे.

अजूनही तुझीच भाची,
थिओनिला