पांढरीवरील चित्रकाराच्या नेमणुकीस हरकत

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा अमरावती, वऱ्हाड.

विषय : तिवशाजवळील पांढरीच्या उत्खननावर शालिकराम नत्थुजी निमकर यांस चित्रकार नेमल्याबद्दल हरकत.
संदर्भ : अर्जदाराचा दिवाळीपूर्वीचा अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार महादेव किसनराव गावंडे, ड्रॉइंग मास्तर, राहणार राजापेठ, व सदर शालिकराम हे मुंबईस एका खोलीत राहून चित्रकला शिकले. परीक्षेत अर्जदाराचा नंबर नेहमी वर असे. परतल्यावर शालिकराम अकोल्यास नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवी. तोवर उभयतांत कसलेही वैर नव्हते.

२. सदर पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचा उंचवटा, अर्जदाराच्या वडिलोपार्जित शेतात आहे; ते शेत सरकारने खोदकामासाठी ताब्यात घेतले आहे. नांगराला लागणारी खापरे अर्जदार लहानपणापासून बांधावर फेकत आला. हुरड्यास आलेल्या शालिकरामास ती जागा अर्जदारानेच दाखवली. तो दिवसभर एक खापर धरून बसला व म्हणाला, "महादेवा, हे पाह्य, याच्यावर कोण्या बाईचं बोट उमटलं हाय." अर्जदार हसला.

३. तेव्हापासून त्याने पडदे सोडून तीच वस्ती रंगवली : चुली, गुरे, पाणवठा, मेलेल्यास पुरताना रडणारी माणसे. नागपुरास पदक मिळाले, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि आता ही सरकारी नेमणूक. ती माणसे कोणीही पाहिलेली नाहीत. मग त्यांचे चेहरे खरे कशावरून? शेत अर्जदाराचे, खापर अर्जदाराचे आणि नाव निमकराचे, हा न्याय कोणता?

अर्जदारानेही तीच खापरे घरी आणून चित्रे काढली. मापे बिनचूक आली. खापर खापरच राहिले.

४. गेल्या आठवड्यात शालिकरामाची चित्रे अमरावतीस मांडली होती. अर्जदाराची आई गोदाबाई, जिने पोटच्या मुलाचे एक चित्र कधी नीट पाहिले नाही, ती वहाणा दाराशी काढून आत गेली. धान्य वाटणाऱ्या एका बाईच्या चित्रापुढे तिने जमिनीवर बसकण मारली व उठेना. शालिकरामास म्हणाली, "बाबू, हे तं माही मायच हाय. तुले कशी दिसली रे?"

तो म्हणाला, "मलेई नाई ठाव, मावशी."

आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. परतताना टांग्यात ती अर्जदाराकडे पाठ करून बसली.

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार त्या चित्रातील चूक काढण्यास एकटा गेला. बाईच्या खांद्याचे माप चुकले आहे, हे तो शपथेवर सांगेल. तरीही रखवालदार दार लावण्यास येईपर्यंत त्याच्याने तेथून हलवले नाही.

सबब विनंती की, नेमणूक रद्द व्हावी. ते न जमल्यास खोदकाम बंद करून शेत परत मिळावे. तेही न जमल्यास अर्जदारास शालिकरामाच्या हाताखाली, रंग कालवण्यास का होईना, बिनपगारी ठेवावे. खापर हाती घेतल्यावर तो कोठे पाहतो, एवढे अर्जदारास शेजारी बसून पाहावयाचे आहे.

हुकुमाकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र,
महादेव किसनराव गावंडे
राजापेठ, अमरावती
ता. ११ फेब्रुवारी १९३८