म्रकान बेटावर मिल्तेन उतरला त्याबाबत

देवाला स्मरून मी, प्रिप्को, कै. बोग्दानचा थोरला मुलगा, राहणार रागुसा, धंदा जहाजांच्या फटी डांबराने बुजवणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. अंगात ताप असला तरी डोके ठिकाणावर आहे. नव्हते असे जो म्हणेल, त्याच्या पोटात काय आहे ते आधी तपासावे.

यंदा जुलैत नगरसभेने हुकूम काढला, की साथीच्या गावाहून आलेल्याने या ओसाड बेटावर महिना काढावा, आणि त्याला भेटायला जो येथे पाय टाकेल त्यानेही. आमचे जहाज साथीच्या बंदराला लागले होते. घरी जेवताना हे मी फक्त धाकट्या भावाला, मिल्तेनला, सांगितले. तो उठून बाहेर गेला, आणि माझे ताट रिकामे होण्याआधी पहारेकरी दारात हजर.

१. माझे घर टेकडीवरच्या मठाला द्यावे. त्यात राहणाऱ्या मिल्तेनने बायको आणि तीन मुलांसह आठ दिवसांत बाहेर पडावे. मला बायको नाही, मूल नाही. माझ्या घरावर त्याचा डोळा होता हे उघड आहे.

२. हातोडे आणि डांबराची कढई भागीदार स्तोयकोला. कढई तो मागून नेतो आणि आपलीच म्हणून सांगतो. आता खरेच त्याची.

३. द्राक्षमळा मावसबहीण दोब्राला. शेजारी द्रागोये दरवर्षी हद्दीचा दगड सरकवतो. त्याला दोब्राचे तोंडच पुरे पडेल.

४. नावाडी रोज मिल्तेनने पाठवलेली भाकरी खडकावर ठेवून जातो. पहिला तुकडा मी समुद्रपाखरांना टाकतो. पाखरे जगली, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

५. हे कलम दुपारनंतरचे. सकाळी काखेत गाठ आली. नावाड्याने ती पाहिली आणि जाऊन सांगितले असावे. दुपारी मिल्तेन स्वतः होडी वल्हवत आला. उतरू नकोस म्हणून मी ओरडलो, तरी उतरला. मी विचारले, "मेलो का ते बघायला आलास?"

तो म्हणाला, "दादा, चुगली मीच केली. माझी धाकटी पोर तुझ्या मांडीवर बसून जेवत होती."

"मग आता कशाला तडफडलास इथं?"

"तुला पाणी कोण देणार?"

यातही डाव असेल म्हणून मी बराच वेळ विचार केला. गाठ आलेल्या माणसाशेजारी अंथरूण टाकण्यात कसला डाव, ते मला सापडले नाही. मला रडू आले, आणि ते लिहायला लाज वाटत नाही.

६. कलम १ रद्द. घर मिल्तेनचे. आम्ही दोघेही इथेच राहिलो, तर ते त्याच्या तीन मुलांचे. मोठी झाल्यावर त्यांना सांगावे, की बापाने काकाची चुगली केली आणि बरोबर केले.

मिल्तेन वारस असल्याने साक्षीदार नाही. कागद धुरी देऊन नेण्यात यावा.

साक्षीदार, दोघेही येथेच अडकलेले:
वोलचो, मिठाचा व्यापारी (सही)
पास्को, शिडे शिवणारा (क्रुसाची खूण)

प्रिप्को (सही)
म्रकान बेट, रागुसासमोर. १९ ऑगस्ट १३७७. माझा बारावा दिवस, मिल्तेनचा पहिला.