झेंडा सुएत-फाननेच धरायचा

मी, कॉक वाय-हिंग, वय अठ्ठ्याऐंशी, धंदा मृतांसाठी जाळायची कागदी घरे-घोडे करण्याचा, राहणार शाम शुई पो, हाँगकाँग, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाविना आणि भरल्या पोटी लिहून ठेवत आहे.

दुकान, वरची खोली, बांबू तासायचे सुरे व खळीचे भांडे माझी एकुलती मुलगी सुएत-फान हिला द्यावे.

पुतण्या पाक-हेई यास माझी माहजोंगच्या सोंगट्यांची पेटी. थोरल्या मुलाने अंत्ययात्रेत झेंडा धरायचा आणि नाणे टाकून पाणी आणायचे, त्या पाण्याने बापाचे तोंड धुवायचे, ही आमची रीत. यास 'माय सोई' म्हणतात, म्हणजे पाणी विकत घेणे. मला मुलगा नाही, म्हणून पाक-हेई बाह्या सरसावून बसला आहे. झेंडा ज्याच्या हाती, घर त्याचे, असे जुने लोक अजून धरून चालतात. नववर्षाच्या जेवणात तो म्हणाला, "काका, पोरीच्या हातात झेंडा? लोक हसतील हो!"

सुएत-फानने त्याच्या वाडग्यात माशाचा तुकडा वाढला. "हसू देत की! दादा, तू आपला त्या दिवशी जेवायला ये."

पोरगी माझी शोभते, हे येथे नमूद करतो. झेंडा तिनेच धरायचा. पाक-हेई आडवा आला, तर पेटीही विसरावी.

ऐंशी ओलांडलेला गेला की आमच्यात 'सिउ सोंग', म्हणजे हसरी अंत्ययात्रा. तेव्हा रडारड नको. आलेल्यांना दीर्घायुष्याचे वाडगे वाटावेत; ते घरी नेले की आयुष्य वाढते म्हणतात. शेजारणी दोन-दोन पळवतील, त्यांना पळवू द्यावे.

समोरचा दुकानदार त्सांग जन्मभर म्हणत आला, "वाय-हिंग, तुझा घोडा एक दिवस भुंकेल बघ!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकिलांनी सांगताच मी त्याला साक्षीदार नेमले.

सुएत-फानची आई लवकर गेली. शाळेआधी पोरीचे तोंड मीच धुवायचो. "बाबा, गार आहे!" म्हणून ती सगळी गल्ली डोक्यावर घ्यायची. त्या दिवसांइतका सुखी मी कधीच नव्हतो. आता माझे तोंड तिच्याच हाताने धुतले जावे. पाणी कितीही गार असो, मी ओरडणार नाही.

सही: कॉक वाय-हिंग
साक्षीदार: त्सांग काम-चुएन (घोड्याबद्दलचे मत कायम)
साक्षीदार: यिप लाय-क्वान, वकील
शाम शुई पो, ४ एप्रिल २०१८