गिअर नसलेली गाडी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (हे सवयीने लिहिले गेले. मनापासून दिलेत असं समजू नकोस.)

फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी मध्येच ठेवून देतो, म्हणून लिहितो आहे. रविवारी नेहमीप्रमाणे दोन बस बदलून, खिशात हातमोजे घेऊन तुझ्या दाराशी आलो, तर तुझी काळी गाडी जागेवर नाही. तिच्या जागी एक साबणदाणी उभी. मला वाटलं, शेजारी कोणी पाहुणा आला असेल आणि बिचाऱ्याची परिस्थिती बेताची असेल. तेवढ्यात तू चपला घालत बाहेर आलास आणि ही आपली नवी गाडी म्हणालास. 'आपली' म्हणालास, हे मी विसरणार नाही.

काळी एक्स्चेंजमध्ये दिलीस. दोनशे घोड्यांचं इंजिन देऊन तू शिवणयंत्राची मोटर घरी आणलीस. वर तिला गिअरही नाहीत. पस्तीस वर्षं मी बस डेपोत गिअरबॉक्स उघडले आणि बसवले, आणि माझ्या सख्ख्या भावाने आपणहून गिअर नसलेली गाडी आणली. काळीचा गिअरबॉक्स मी सात महिने खपून माझ्या हातांनी बसवला होता. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ती जे गुरगुरायची, ते ऐकायला मी आठवडाभर थांबायचो. निवृत्त माणसाचे सहा दिवस कसेबसे जातात, सातवा माझा होता. तो तू परस्पर देऊन टाकलास.

साबणदाणीचा रंग कोणी निवडला? भिजलेल्या पुठ्ठ्याचा रंग मुद्दाम मागून घ्यावा लागतो की उरलेला असतो म्हणून देतात?

कारण कळव. खरं कळव. तुझी वहिनी बरी आहे, ती तुला काही बोलली नाही याचा अर्थ तिला राग आला नाही असा घेऊ नकोस.

लोभ सध्या बंद आहे.
दादा

ता. क. चिठ्ठी स्केचपेनने लिहिली आहे कारण तुमच्या हल्लीच्या पेनांतून शाई येत नाही.


९ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर इतकं मोठं होतं की पाकिटाच्या आतूनही ओरडल्यासारखं वाटलं.

कारणं विचारतोस तर सांगतो. काळी पेट्रोल पिते, हे तुलाही ठाऊक आहे. माझं चष्म्याचं दुकान घरापासून किती लांब, तर चालत गेलो तर सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. तेवढ्यासाठी दोनशे घोडे रोज जुंपायचे, ही चैन झाली. दुसरं, माझी कंबर. काळीत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायचं आणि मग पाय आत ओढायचे. उतरताना तर गिऱ्हाइकांसमोर लाज जाते. तिसरं, दुकानासमोर जागा मिळत नाही. साबणदाणी (हे नाव घरात सगळ्यांनी उचललं आहे, तुझी कृपा) कुठेही मावते.

रंग मीच निवडला. धूळ दिसत नाही.

माणसाचं वय झालं की त्याने थोडं शहाणं व्हावं, एवढंच. तू रविवारी येत जा. आपण चहा घेऊ, गप्पा मारू. दर वेळी काही चालवायलाच पाहिजे असं नाही.

बंद केलेला लोभ लवकर सुरू करावा, ही विनंती.
धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद अर्धे.

तुझी तिन्ही कारणं वाचून करमणूक झाली. पेट्रोलचं म्हणशील तर गेली अकरा वर्षं ती पीत होती तेव्हा तुझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. कंबरेचं म्हणशील तर मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आणि मी काळीतून उतरायचो तेव्हा तुझ्या गल्लीतली माणसं बघत राहायची. जागेचं म्हणशील तर जागा शोधायला अक्कल लागते, गाडी बदलावी लागत नाही. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. लहानपणी तू यापेक्षा बरं बोलायचास.

चहा प्यायला मी दोन बस बदलून येत नसतो. चहा माझ्या घरी आहे.

आता तुला बातमी देतो. काळी सापडली. माझा जुना सोबती ज्या गॅरेजात बसतो तिथेच तिची तपासणी झाली, त्याने गिअरचा दांडा हातात धरताच ओळखलं की हे काम माझं. ती आता एका वाद्य शिकवणाऱ्या बाईंकडे आहे. मागच्या सीटवर भलंमोठं तंतुवाद्य आडवं घालून त्या तिला ताशी चाळीसने फिरवतात. दुसऱ्या गिअरच्या वर त्या जातच नाहीत, असं सोबती म्हणाला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी त्यांच्याशी बोललो. बाई समजूतदार निघाल्या. परत द्यायला तयार आहेत. म्हणजे गाडी मी घेतो आहे, माझ्या नावावर, आणि आता रविवारची वाटही बघायची नाही. रोज काढणार. येत्या दोन तारखेला आणायला जातो. तू तुझ्या साबणदाणीत बसून शहाणा हो.

अर्धा लोभ.
दादा


१७ फेब्रुवारी

चि. भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन कानाखाली, त्या भेटल्यावर.

मी पत्रं लिहीत नाही, तुमच्या दोघांच्या भांडणात तर कधीच नाही. पण आता लिहिते, कारण यांनी खरंच गाडी आणायचं ठरवलं आहे.

तुम्ही दोघं भाऊ मूर्ख आहात. थोरले ओरडून मूर्ख, तुम्ही गप्प राहून. हे म्हणतात पेनातून शाई येत नाही. शाई येते, भाऊजी. यांना ती दिसत नाही. तुमची पत्रं यांना मीच वाचून दाखवते. चष्मा कुठे ठेवला सापडत नाही म्हणतात, आणि चष्मा नाकावर असतो. परवा मी केस कापून आले, चांगले खांद्यापर्यंत. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली तेव्हा हे म्हणाले की मी तर आल्या आल्याच पाहिलं होतं. चहा कपाच्या बाहेर ओततात आणि कपाला नावं ठेवतात.

तुम्ही अख्ख्या गावाचे डोळे तपासता. बसच्या चालकांना, शाळेतल्या मास्तरांना, कोणालाही तोंडावर सांगता की तुम्हाला दिसत नाही. आणि आमच्या घरचं तुम्हाला माहीत नाही, हे मला पटत नाही. काळी तुम्ही कंबरेसाठी दिलीत हे तर मला मुळीच पटलेलं नाही, कारण तुमची कंबर मी गेल्या महिन्यात कपाट सरकवताना पाहिली आहे.

दोन तारखेच्या आत यांना खरं काय ते लिहा. मी वाचून दाखवीन, आणि एकही शब्द गाळणार नाही.

वहिनी


२१ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी वाचते आहे हे मला माहीत आहे. तिला मध्ये थांबवू नकोस.

कंबर, पेट्रोल, जागा, सगळं खोटं. पहिल्यापासून सांगतो.

गेल्या मे महिन्यात मी दुकानातला अक्षरांचा तक्ता बदलला. जुना पिवळा पडला होता. तू त्या रविवारी गाडी फिरवून आलास आणि नेहमीसारखा खुर्चीत बसून गंमत म्हणून शेवटची ओळ वाचलीस. दर वेळी वाचतोस आणि गिऱ्हाइकांना ऐकवतोस की या वयात असे डोळे बघा. त्या दिवशीही घडाघडा वाचलीस. सहा अक्षरं. दादा, नव्या तक्त्यावर शेवटच्या ओळीत पाचच अक्षरं आहेत. तू जुना तक्ता पाठ म्हणून दाखवलास.

मी हसलो. दुकानात दोन माणसं होती, त्यांनीही वा म्हटलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रोज जे काम करतो ते मला तुझ्यासमोर करता आलं नाही, याची मला लाज वाटते. तू बसून गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून वाट पाहिली की तू घरी नीट पोचल्याचा फोन येईल.

आपल्या घरात बाबांनी घालून दिलेला नियम तुला ठाऊक आहे. ज्याने गाडी शिकवली त्याने किल्ली मागितली तर नाही म्हणायचं नाही. बाबांनी तुला शिकवलं, तू मला शिकवलंस. नऊ महिने तू दर रविवारी हात पुढे केलास आणि दर रविवारी मी त्यावर किल्ली ठेवली. शेजारी बसायचो तेव्हा पाय इतका दाबून धरायचो की संध्याकाळी पोटरी दुखायची. जानेवारीत शाळेजवळच्या वळणावर मी ओरडलो होतो, आठवतं? तू म्हणालास की ती माणसं तुला दिसली होती, तू मुद्दाम उशिरा ब्रेक मारलास, ब्रेक दाखवायला. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात काळी दिली.

आणि साबणदाणी मी नीट विचार करून घेतली. दुकानदाराला सांगितलं की मला अशी गाडी दाखवा की जी माझा भाऊ फुकट दिली तरी चालवणार नाही. गिअर नको, ताकद नको, आवाज नको. रंग पाहिल्यावर खात्री पटली. तू तिच्यावर थुंकणार आणि किल्ली कधी मागणार नाहीस, एवढंच मला हवं होतं. तुझ्या नाक मुरडण्याच्या आड मी लपलो.

मी डॉक्टर नाही. मला वाटतं तुझ्या नजरेच्या मधोमध अंधुक झालं आहे, कडेचं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुला घेऊन जातो. काही करता येईल, कदाचित फार नाही. पण दोन तारखेला काळी आणू नकोस. तुझ्या पाया पडतो.

रागावून का होईना, लोभ असावा.
धाकटा


२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. तिने खरंच एकही शब्द गाळला नाही, काही तर दोनदा वाचले.

तू भेकड आहेस. हे आधी लिहून टाकतो. रस्त्यावरच्या परक्या माणसाला तू तोंडावर सांगतोस आणि मला सांगायला तुला गाडी द्यावी लागली. नऊ महिने तू माझ्या शेजारी जीव मुठीत धरून बसलास, पण तोंड उघडलं नाहीस. असला भित्रा माणूस मी शिकवला कसा, याचं मला नवल वाटतं.

आणि मी तुझं ऐकलं नाही. आज सकाळी गेलो. म्हटलं, काचवाल्याला काय कळतं. बाईंनी फाटक उघडलं, किल्ली दिली. मी आत बसलो. इंजिन सुरू केलं. पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला आणि पुढे पाहिलं. बाई फाटकापाशी उभ्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत की बाजूला झाल्या, मला कळेना. मधोमध काही नव्हतंच. मी खिडकीतून विचारलं की बाजूला झालात का. त्या म्हणाल्या, मी तर समोरच उभी आहे, तुम्ही माझ्याकडेच बघताय.

मी गाडी बंद केली. किल्ली त्यांना परत दिली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा अलगद ढकलायचा, नाहीतर गिअरबॉक्स तक्रार करतो, हे समजावलं. त्या तिसरा टाकून बघीन म्हणाल्या. मग बसने घरी आलो. बसचा नंबर एका मुलीला विचारावा लागला.

शाळेजवळची ती माणसं मला दिसली नव्हती. गाडी थांबली ती तू ओरडलास म्हणून. हे तुला आत्ता लिहितो आहे, कारण तोंडाने मला सांगता येणार नाही. मीही तुझाच भाऊ.

डॉक्टरांचं नाव काढ. साबणदाणीत बसून येईन, पण तिच्याबद्दल मला काय वाटतं ते वाटेत सांगत राहीन, त्याची तयारी ठेव.

तुझी वहिनी समोर बसून भाजी निवडते आहे. माझ्याकडे बघते आहे एवढं कळतं. ती हसते आहे की रडते आहे ते मला इथून दिसत नाही, आणि विचारायची भीती वाटते. तेवढं येऊन बघ आणि मला सांग.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही तुझेच.
दादा