गूळतुलेचा नवस

सुरत, मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, शके १९१८

करुणानिधे देवी, तुझ्या कृपेनेच हे लिहितो. सौभाग्यवतीची गर्भाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. परंतु देह स्थूल. जखम भरण्यास विलंब लागेल, पायांत रक्त गोठू नये म्हणून चालवा, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. ती मात्र उठेना. अखेर आज माझा नवस तिला सांगितला : ती बरी झाल्यावर तिच्या वजनाएवढा गूळ तुला वाहीन. आधीच सांगायला हवा होता का?

"अहो, एवढा गूळ? अख्ख्या सुरतेत मुंग्या होतील!" ती हसली, माझा हात धरून उठली. "चला, थोडा गूळ वाचवू."

खिडकीपर्यंत चालली! जखमही कोरडी आहे. गूळ... कितीही लागो, तिची गूळतुला होवो. हे वाचणाऱ्या प्रत्येकास निरामय आयुष्य लाभो.