आत्याबाईंच्या परसातली फुलपाखरं

प्रिय अहो,

विट्याहून कोईमतूरला पत्र आलेलं बघून हसाल. पण फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागदच बरा. नव्या गाडीच्या शेडसाठी परस साफ करायला तुम्ही धाडलेला जेसीबीवाला सोमवारी जागा बघून गेला. दिवाळीआधी उरकतो म्हणाला.

त्या परसात तुमच्या आईंनी, आमच्या आत्याबाईंनी, काय मांडलंय, ठाऊक आहे? मला तरी कुठं ठाऊक होतं! लिंबाच्या पानावर पाखराची शीट पडली म्हणून मी पुसायला गेले, तर आत्याबाई ओरडल्या, "अगं रेश्मा, थांब! जित्ती अळी हाय ती!" आणि खरंच की हो, ती चालायला लागली! तेव्हापासून मी त्यांच्या मागंमागं. सकाळी चहा टाकायच्या आधी त्या मोबाईल घेऊन कढीपत्त्यापाशी उभ्या. फोटो काढायचा आणि फुलपाखरांची नोंद ठेवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. नावाची मात्र घाई नाही. सोनं गाळणाऱ्यांच्या घरात हयात गेलेली बाई, म्हणतात, "कस लावल्याबिगर सोनं म्हणू न्हाई. पंखाची खालची बाजू दिसू दे, मग बघू." एकदा त्यांनी सांगितलेलंच नाव चुकलं. कॉलेजातल्या एका पोरीनं ते दुरुस्त केलं, तर खट्टू व्हायचं सोडून या खूश! तिला लाडू धाडायला निघाल्या होत्या. मला तर लय कौतुक वाटतं बाई त्यांचं.

शेडचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "लेकाची गाडी उन्हात नको," एवढंच. दुसऱ्या दिवशी बघते तर अळ्यांसकट फांद्या कापून बरणीतल्या पाण्यात लावत बसलेल्या. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, यांना सांगा की तुम्ही." तर म्हणाल्या, "परसात काय हाय, त्यानं कवा इचारलंच न्हाई गं."

जेसीबीवाल्याला मी येऊ नको म्हणून कळवलंय. रागवायचं तर माझ्यावर रागवा, गाडी खुशाल रस्त्यावर लावा. तुमचा फोन झाल्यावरही त्या मोबाईल थोडा वेळ हातातच धरून बसतात, हे तुम्हाला तिकडून दिसत नाही. हे वाचून फोन कराल तेव्हा माझ्याशी मागाहून बोला. आधी त्यांना विचारा, आज परसात कोण आलं होतं.

तुमचीच,
रेश्मा