डावीकडे फिरणारी सुरई

३ मार्च १९४९, विल्टशर
कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि आता बघा, थेट माझ्या सिसिलीच्या काकांकडे नोकरी! जनरल सर ऑब्री टेंटरडन. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या तीन राजधान्यांत ब्रिटनतर्फे वाटाघाटी केलेला माणूस. त्यांच्या आठवणी मी लिहून घ्यायच्या. पुस्तक पुरं झालं की आमचं लग्न, असं त्यांनी हसत कबूल केलं. सिसिली ईस्टरला लंडनहून येईल. तोवर मी हवेतच!

९ मार्च
दुपारी जेवण झालं की पोर्ट वाइनची सुरई फिरते, नेहमी डावीकडे. पलटणीचा रिवाज. साहेबांच्या डाव्या हाताला तीन रिकाम्या खुर्च्या, मग मी. स्वयंपाकीण पोकॉकबाई खुर्च्यांपुढचे प्याले भरत सुरई माझ्यापर्यंत आणतात. खुर्च्या साहेबांच्या तीन मदतनीस अधिकाऱ्यांच्या, युद्धात गेलेल्या. पुढे विचारलं तर बाई फणकारल्या, चीज खा आणि गप बस म्हणे.

१७ मार्च
ते तिघे मेले कसे, हे आज साहेबांनाच विचारलं. म्हणाले, मेले कुठे? बोलणी अडली की समोरचे जामीन म्हणून माणूस ओलीस मागायचे. प्रत्येक राजधानीत एकेक ठेवून आलो. करार झाले. हे पुस्तकात नको, बाळा.
बाळा! डोकंच फिरलं माझं.

२० मार्च
रविवार. पोकॉकबाई चर्चला. साहेब जागचे हलले नाहीत, तरी सुरई माझ्यापर्यंत आली. तिन्ही प्याले रिकामे.
म्हातारा मला घाबरवून पळवायला बघतोय, सिसिली द्यायची नाही म्हणून! तोंडावर तसं सुनावलं. आणि रागाच्या भरात सुरई उलटी ढकलली, उजवीकडच्या खुर्चीकडे. घ्या, ढोसा!
ती मधेच थांबली. कुणीतरी धरली.
साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, ते तिघे मला न्यायला टपले होते रे. तू सुरई उलटी फिरवून आपल्या हाताने पाजलंस. आता माझ्याऐवजी तू त्यांच्यातला.

२२ मार्च
हाका मारतो. पोकॉकबाई वळत नाहीत. माझ्यापुढे ताट नाही, नुसता प्याला. फाटकापर्यंत गेलो — पुन्हा याच खुर्चीत —

ईस्टर
सिसिली आली. माझ्या डावीकडेच बसली. साहेबांनी सांगितलं, तुझा डेन्झिल पळाला, कॉलेजातून पळाला तसाच. मी ओरडतोय — हातभर अंतरावर —
साहेबांनी प्याला उचलला. जे आज इथे नाहीत, त्यांच्यासाठी. चार नावं. चौथं माझं.
पोर्ट आली की बायकांनी उठून जायचं असतं. ती उठली नाही. खड्ड्यात गेले तुमचे रिवाज, म्हणाली. सुरई तिच्या हातात. रागाने ती उजवीकडे — माझ्याकडे —
साहेब तिला थांबवायला ओरडत उभे राहिलेत. मीही ओरडायला हवं.
पण तिने दिली तर तीही आमच्यातली, मग मी तिला दिसेन. कायमचा. मी गप्प का — सिसिली, न